दोन ओळी सोडून

संत्र्याला फूल आलं की लोकांना काय काय आठवतं. मला कांचन गणोरकर आठवते आणि मी जळायला लागते.

मागच्या रविवारी मी तिच्याच बागेत उभी होते. मोर्शीच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की तिच्या वडिलांची बाग आहे. दर फेब्रुवारीत ती सगळ्या ऑफिसला बहार पाहायला बोलावते. जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी. यंदा फूल इतकं होतं की पानं शोधावी लागत होती. वास इतका दाट की चहाला चव लागेना. मधमाश्यांचा आवाज आमच्या सर्व्हरच्या खोलीतल्या पंख्यांसारखा, एका सुरात, थांबायचं नाव नाही. सगळे फोटो काढत होते. मी विहिरीकडच्या दोन ओळींकडे पाहत होते. त्या ओळींना फूल नव्हतं. नुसती हिरवी, तजेलदार झाडं. काही चुकलंय हे ठाऊक नसलेल्या माणसाला सगळ्या बागेत तीच उजवी वाटली असती.

"मोटारीच्या ऑटोनं घात केला," कांचनचे वडील कोणाला तरी सांगत होते. "दोन ओळी गेल्या. बाकीची बाग वाचली ते या अकोल्याच्या ताईमुळं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

मी अकोल्यात बसते, कांचन अमरावतीत. आमची कंपनी लहान आहे. संत्र्याच्या बागांत आम्ही हवामानयंत्रं बसवतो. झाडाखालच्या मातीत ओल किती, हवेत गारवा किती, याची यंत्र दर पंधरा मिनिटांनी नोंद करतं. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत एक खोकं असतं, ते या नोंदी उचलून अकोल्याला माझ्या सर्व्हरकडे पाठवतं. येणाऱ्या नोंदींच्या या ओघाला आम्ही फीड म्हणतो. सर्व्हर चालू ठेवणं आणि फीड वेळेवर आणणं हे माझं काम. त्या आकड्यांवरून बागायतदारांना आज पाणी द्या, आज देऊ नका, उद्या थंडी आहे, बांधावर धूर करा, असं सांगणं हे कांचनचं. म्हणजे विहीर मी आणि नळ ती. लोक नळाला ओळखतात.

माझ्या टेबलावरचा फोन वाजला तर कारणं दोनच. काही तरी बंद पडलेलं असतं, नाहीतर कांचनचा फोन लागत नसतो.

"ताई, कांचन मॅडम हाय का?"

"त्या अमरावतीला असतात. काय काम आहे? मी सांगते ना."

"नाही जी, तुमी राहू द्या. तिलेच सांगतो."

हे 'राहू द्या' मी किती वर्षं ऐकते आहे. माणूस वाईट नसतो. पाणी द्यायचं की नाही एवढंच त्याला विचारायचं असतं आणि ते उत्तर माझ्या समोरच्या पडद्यावर लख्ख दिसत असतं. पण त्याला ते माझ्या तोंडून नको असतं.

आमच्या घरी शेत कधीच नव्हतं. वडील अकोल्याच्या कोर्टात वकील. घरात कोणी रडत आलं, भांडत आलं, तरी त्यांचा पहिला प्रश्न असायचा, कागद काय म्हणतो? मी तेच शिकले. सर्व्हर बिघडला की मी कोणाला फोन करत नाही. नोंदी उघडते. कोणत्या मिनिटाला काय झालं, त्याच्या आधीच्या मिनिटाला काय झालं, असं मागे मागे जाते. नोंद खोटं बोलत नाही, आणि ती 'राहू द्या' म्हणत नाही.

कांचनला नोंदी वाचायचा कंटाळा. "ते आकडे पाहून माहं डोकं दुखते ताई," म्हणते. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. शेतकीची पदवी आहे, डोकं आहे, पण कामाची पद्धत बाजारात भाजी निवडल्यासारखी, दाबून पाहायची. एकदा मी अमरावतीच्या ऑफिसात तिच्या शेजारी बसले होते. फोनवर कोणी काका होते, यंत्र चालत नाही म्हणून तक्रार करत होते. ही बोलता बोलता थांबली.

"काका, तुमी मोटारीजवळ उभे हा का?"

"हो, काहून?"

"तिचा आवाज पाहा ना कसा येऊन राह्यला. घुमून राह्यली ते. व्होल्टेज बसलं तुमचं. आधी मोटार बंद करा, नाहीतर जळन. यंत्राचं मंग पाहू."

शंभर किलोमीटरवरून, फोनच्या मागून येणाऱ्या घुमण्यावरून. मी त्या वेळी माझ्या वहीत काहीतरी लिहीत असल्याचं दाखवलं. काहीच लिहिलं नव्हतं.

ज्या हंगामाबद्दल लिहायला बसले तो चार वर्षांपूर्वीचा. त्या पावसाळ्यात आम्ही दोनशे बागांत नवी खोकी बसवली होती. आणि नागपूरच्या साहेबांनी कळवलं होतं की नव्या आर्थिक वर्षापासून अकोला आणि अमरावती मिळून एकच प्रमुख असेल. नाव कोणाचं ते सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती. माझी चौदा वर्षं झाली होती. तरी मला झोप लागत नव्हती, कारण साहेबसुद्धा फोनवर "कांचन काय म्हणते?" असं विचारायला लागले होते.

आणि नोव्हेंबरात सर्व्हर गोठायला लागला.

गोठतो म्हणजे बंद पडत नाही. बंद पडलेलं परवडतं, चालू करता येतं. गोठलेला सर्व्हर जिवंत दिसतो. दिवे लुकलुकतात, पंखे फिरतात, पडद्यावर आकडे असतात, फक्त ते आकडे नऊ वाजून चाळीस मिनिटांचे असतात आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झालेले असतात. बटण दाबावं तर उत्तर नाही. दोन तासांनी एकदम जाग येते आणि सकाळचं सगळं फीड दुपारी ओतलं जातं. तोवर बागायतदार वाट पाहून पाणी देऊन मोकळा झालेला असतो.

मी सगळं केलं. मेमरी वाढवली. केबल बदलल्या. खोलीत दुसरा एसी लावून घेतला. नोंदी छापून काढून जमिनीवर पसरल्या आणि गुडघ्यांवर बसून वाचल्या. आणि मला धागा सापडला. सर्व्हर एक आठवडा सकाळी गोठत होता, पुढचा आठवडा रात्री. पुन्हा एक आठवडा सकाळी, पुन्हा एक रात्री. इतकं नियमित की मला हसू आलं. आमचा मोठा बॅकअपही आठवड्याआड वेळ बदलून चालतो. दोषी सापडला. कागद बोलला.

आज हे लिहितानासुद्धा कान गरम होतात. आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री, हे काय आहे ते वऱ्हाडात शाळेतल्या पोराला विचारलं तरी तो सांगेल. शेतीची लाइट अशीच येते. त्या लाइटच्या वेळापत्रकावर इथली लग्नं ठरतात, पाहुणे थांबतात, माणसं झोपतात. मी आयुष्य अकोल्यात काढलं, आणि मला ते दिसलं नाही. माझ्या घरी बटण दाबलं की दिवा लागतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी बॅकअपची सगळी मांडणी बदलली. सर्व्हर गोठायचा थांबला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, पूर्ण दहा दिवस. मी साहेबांना दोन पानांचा अहवाल पाठवला, आकृतीसकट. त्याच संध्याकाळी कांचनचा फोन आला.

"ताई, वाचलं मी. लय मेहनत घेतली तुमी. पण एक सांगू का? राग नका धरू."

"सांग."

"आता बागा ताणावर हाय ना."

ताण म्हणजे काय ते मला तिनेच पूर्वी सांगितलं होतं. आंबिया बहार, म्हणजे हे फेब्रुवारीतलं फूल, हवा असेल तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडतात. महिना-सव्वा महिना थेंब नाही. पानं मलूल होतात, थोडी गळतात, झाड हवालदिल होतं. मग संक्रांतीच्या आसपास पाणी सोडलं की ते घाबरलेलं झाड अंगभर फुलतं. आणि मधे चुकून पाणी लागलं तर ताण मोडतो. झाड पालवी काढून बसतं, फूल देत नाही.

"ताणात मोटारी बंद असतात ताई. फ्यूजचे कटआउट काढून ठेवतात लोकं. एरवी काय होते, सगळ्याईचं ऑटोवर असते. लाइट आली की दोनशे मोटारी आपोआप एकाच टायमाले उठतात. व्होल्टेज बसते. आपलं खोकं बंद पडते, पुन्हा चालू होते, पुन्हा बंद पडते. अन् दर वेळी पयल्यापासून सगळं पाठवत असन ते. मले वाटते तुमचा सर्व्हर त्याच्यानंच दबते. संक्रांत होऊ द्या, मंग पाहा."

ती बरोबर असावी हे मला तिचं वाक्य संपायच्या आत कळलं होतं. महिनाभर मी गुडघ्यांवर बसून जे शोधत होते ते तिला पलंगावर पडल्या पडल्या सुचलं असेल.

"तू झाडांचं बघ," मी म्हणाले. "सर्व्हरचं मी बघते."

"हो जी, तेबी खरंच," ती म्हणाली, आणि तिने रोडग्यांची काहीतरी गोष्ट काढली.

जानेवारीच्या सुरुवातीला अमरावतीला बैठक झाली. साहेबांनी माझा अहवाल वर धरून सगळ्यांना दाखवला. "पुन्हा होणार नाही ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "नाही." कांचन समोर बसून संत्रं सोलत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग सालीकडे. अर्ध्या फोडी तिने टेबलावरून माझ्याकडे सरकवल्या.

परतताना मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली होती. खिडकीतून पराटीच्या काड्या दिसत होत्या, कापूस वेचून झालेल्या. मी खूश असायला हवं होतं. मी विचार करत होते की ती गप्प का बसली. मला पाडायची तिला एवढी सोपी संधी होती. तिच्या जागी मी असते तर सोडली नसती. आणि तिने ती सोडली, फोडी सोलता सोलता सोडली, हे मला तिच्या हुशारीपेक्षा जास्त झोंबलं. तिची हुशारी एक वेळ मी पचवली असती.

संक्रांत झाली. तिळगूळ वाटून झाले. बागांचा ताण तुटला, चार दिवसांत दोनशे ठिकाणी कटआउट परत बसले, आणि पाचव्या दिवशी सकाळी माझा पडदा नऊ वाजून दहा मिनिटांवर थांबला.

नेमकी तेव्हाच थंडी उतरली. ताण तुटल्यावरचं पहिलं पाणी मोजून द्यायचं असतं, आणि वर थंडीचा इशारा द्यायचा होता. फीड नाही म्हणजे आकडे नाहीत. कांचनने त्या दिवशी फोनवरून गावोगावची माणसं मोटारीच्या खोल्यांत पाठवली. यंत्राच्या छोट्या खिडकीतला आकडा त्यांच्याकडून वाचून घेतला आणि कागदावर लिहिला. मी तिला फोन केला तर मागे तीन फोन वाजत होते. "ताई, थांबा व जरा. हा, बोला बाबाराव काका. बत्तीस का बावीस? चष्मा लावा ना आधी!" आणि हसणं. एवढ्या घोळात हसणं.

दुपारी साहेबांचा फोन आला. कांचनही त्याच फोनवर जोडलेली होती.

"पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही म्हणालात, होणार नाही. हे काय नवीन?"

'नवीन' हा शब्द त्यांनीच हातात दिला होता. नवीन बिघाड आहे, शोधते, एवढं म्हटलं असतं तर कोणी मला खोटं पाडू शकलं नसतं. एकच माणूस होतं, आणि ते तोंड उघडत होतं.

"सायेब, त्याचं असं हाय—" कांचन म्हणाली.

तिच्या आवाजावरून मला कळलं. ती मला वाचवायला निघाली होती.

"नवीन नाही," मी म्हणाले. "जुनंच आहे. कांचनने डिसेंबरात कारण सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि तुम्हाला सांगितलंही नाही."

लोक याला प्रामाणिकपणा म्हणाले. साहेबही म्हणाले. मी तेव्हा कोणाची चूक सुधारली नाही, आता सुधारते. मला खरं बोलायचं नव्हतं. मला तिच्या हातून वाचायचं नव्हतं. त्या फोडी पुन्हा माझ्याकडे सरकवल्या जाणार होत्या, आणि त्या मला आता गिळवल्या नसत्या.

उपाय मीच केला, तेवढं माझं. दोन दिवस लागले. खोक्याने आधी पाठवलेलं लक्षात ठेवायचं, आणि लाइट आल्यावर एकदम न पाठवता आपल्या नंबराप्रमाणे थांबायचं. एक नंबरने लगेच, दोन नंबरने थोडं थांबून, दोनशे नंबरने सगळ्यांत शेवटी. शिवाय मोटार केव्हा चालू झाली, केव्हा बंद झाली, हेही खोक्याने दर मिनिटाला कळवायचं. त्यानंतर सर्व्हर आजतागायत गोठलेला नाही. प्रमुख म्हणून कांचनचं नाव मार्चमध्ये आलं. तिने पहिला फोन मला केला. "ताई, मले काही येत नाही त्या सर्व्हरचं. तुमी तिथं हा म्हणून मी हो म्हटलं." मी तिचं अभिनंदन केलं. फोन ठेवून पडद्यावरच्या दोनशे रेघा, एकेका मोटारीची एकेक, एकामागून एक वर चढताना पाहत राहिले. फार सुंदर दिसतात. ते दाखवायला कोणी नव्हतं.

माणसाला वाटतं, हरलं की संपतं. संपत नाही. हुद्दा गेल्यावर मी उलट जास्तच काटेकोर झाले. तिच्या सोमवारच्या फोनआधी माझा तक्ता तयार. कुठे एक खोकं अर्धा तास उशिरा बोललं तरी मला कारण ठाऊक. आणि ती म्हणणार, "ताई, तुमाले सांगून ठेवलं की मी निवांत." मी तिच्या निवांतपणावरसुद्धा जळते.

आता त्या दोन ओळी.

या डिसेंबरात ती नागपूरला गेली होती. बैठक होती, आमच्या कामाची माहिती तीच मांडणार होती. मी नेहमीसारखी अकोल्यात. दिवसाची लाइट असलेला आठवडा होता. बागा ताणावर, सगळ्या मोटारी बंद, दोनशे रेघा खाली झोपलेल्या. लाइट आली आणि एक रेघ उठली. एकच मोटार चालू झाली होती. ऑटो राहून गेलेलं, कटआउट काढलेलं नाही. मी नंबर पाहिला. नंबर पाहायची गरज नव्हती, मला तो पाठ आहे. गणोरकर.

फोन माझ्या उजव्या हाताशी होता. मी तो उचलला नाही.

मी स्वतःला सांगितलं की आधी नोंद खरी आहे का ते पाहावं. नवीन माणसाला मी हेच शिकवते, एका नोंदीवर धावू नका. मी दुसरी नोंद आली ते पाहिलं. व्होल्टेज पाहिलं. मग उठून पाण्याची बाटली भरून आणली. बाटली भरताना मनात हिशेब चालला होता. पाणी पाइपातून निघालं असेल, पहिल्या ओळीला पोचलं असेल. ती तिकडे पडद्यासमोर उभी राहून माझ्या रेघा दाखवत असेल. आणि तिच्या घरच्याच मोटारीचा आवाज तिला ऐकू येत नसेल.

मग मी फोन केला. तिच्या वडिलांनी उचलला.

"काका, तुमची मोटार चालू झाली आहे. लगेच बंद करा."

"कोन, कांचन का?"

"नाही. अकोल्याहून बोलते."

"अव माय! थांबा ताई, थांबा—" आणि पळण्याचा आवाज. वय झालेल्या माणसाचा, चपला सुटत असलेला. मग रेघ खाली आली.

मागच्या रविवारी जेवणं झाल्यावर कांचन मला शोधत विहिरीकडे आली. मी त्या दोन ओळींच्या मधे उभी होते. तिने एका झाडाची फांदी वाकवली, कोवळी पालवी बोटांत चुरली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मोटार किती वेळ चालली असन ताई?"

"अकरा मिनिटं."

"अन् तुमाले दिसली कधी?"

ती नोंदी वाचत नाही. मी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ती ऐकते. काका मोटारीजवळ उभे आहेत हे तिला शंभर किलोमीटरवरून ऐकू येतं, आणि मी तर हातभर अंतरावर होते.

"पहिल्याच मिनिटाला," मी म्हणाले.

कांचनने फांदी सोडली. ती वर गेली, हलली, थांबली. तिकडे कोणीतरी तिला हाका मारत होतं. ती माझ्याकडे पाहत होती, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे माझ्यासाठी हसू नव्हतं.

"हं," ती म्हणाली. "चला. आई विड्याचं पान लावून राह्यली तुमच्यासाठी." आणि पुढे चालायला लागली, मी येते की नाही हे न पाहता.

मी लगेच गेले नाही. त्या ओळींना यंदा फळ नाही. पुढच्या डिसेंबरात पुन्हा पाणी तुटेपर्यंत त्या अशाच राहतील, हिरव्यागार, सगळ्यांना दिसतील अशा. वास मात्र पूर्ण बागेचा येत होता, तिथे उभं राहूनही.